मानसोपचारतज्ज्ञ निवडताना...

दाढ दुखू लागली की आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून दोन दंतवैद्यांची नावे विचारून घेतो. गुडघा कुरकुरू लागला की कार्यालयातले सहकारी आपणहून अस्थिरोगतज्ज्ञाचा पत्ता देतात. मनाच्या दुखण्याला ही सोय नाही. नाव विचारायचे तर ते कशासाठी हवे हे सांगावे लागते, आणि नेमके तेच कोणाला सांगायचे नसते. त्यामुळे माणूस एक तर महिनोन्महिने थांबतो, नाहीतर जो पहिला पत्ता हाती येईल तेथे जाऊन धडकतो. तेथे चांगला अनुभव आला तर उत्तमच. पण समोरच्या व्यक्तीने दहा मिनिटांत 'सकारात्मक विचार करा, फिरायला जा, सगळे ठीक होईल' असे सांगून बोळवण केली, तर गेलेला माणूस या वाटेत काही तथ्य नाही असे ठरवून परततो आणि पुढे वर्षानुवर्षे तिकडे फिरकत नाही.

बंगळुरूच्या 'निम्हान्स' या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील सुमारे १०.६ टक्के प्रौढांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले होते. त्यांतील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. तज्ज्ञांची कमतरता, पैशांची अडचण, लोकलज्जा अशी याची अनेक कारणे आहेत. परंतु मुंबई-पुण्यासारख्या शहरांत, जेथे तज्ज्ञ आहेत आणि जाण्याची तयारीही आहे, तेथे चुकीच्या दारातून परत फिरलेल्यांची संख्या कमी नसावी.

गोंधळाची सुरुवात शब्दापासूनच होते. 'मानसोपचारतज्ज्ञ' हा एकच शब्द आपण तीन-चार निरनिराळ्या व्यवसायांसाठी सर्रास वापरतो. त्यांतील मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट, हे एमबीबीएसनंतर या विषयात एम.डी. किंवा पदविका घेतलेले डॉक्टर असतात. त्यांची नोंद वैद्यक परिषदेकडे असते आणि औषधे लिहून देण्याचा अधिकार या सर्वांमध्ये केवळ त्यांनाच आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, ज्यांना आपण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून ओळखतो, ते वैद्यकीय डॉक्टर नसतात. मानसशास्त्रात एम.ए. केल्यानंतर बहुतेकांनी रुग्णालयातील प्रत्यक्ष प्रशिक्षणासह दोन वर्षांचा एम.फिल. अभ्यासक्रम पूर्ण केलेला असतो. १९९२ च्या कायद्याने अस्तित्वात आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणी असावी लागते. मानसशास्त्रीय चाचण्या आणि संवादातून केले जाणारे उपचार हे त्यांचे क्षेत्र. तिसरे समुपदेशक. यांच्यात मानसशास्त्राचे किंवा समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन वर्षानुवर्षे जबाबदारीने काम करणारे आहेत, तसेच शनिवार-रविवारच्या एखाद्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून बसलेलेही आहेत.

समुपदेशक अशी पाटी लावण्यासाठी दीर्घकाळ कोणाचीच परवानगी लागत नसे. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, मनोसामाजिक कार्यकर्ते यांना त्याच्या कक्षेत आणले. मात्र त्याची अंमलबजावणी इतकी रेंगाळली की २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याबाबत राज्यांना आदेश द्यावे लागले. तात्पर्य, पाटीवरच्या शब्दावर विसंबून राहता येत नाही. पदवी कोणती, ती कोठून घेतली, नोंदणी क्रमांक कोणता आणि अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली किती काळ काम केले, हे विचारावेच लागते. विचारण्याचा संकोच बाळगू नये. ज्याने खरोखर अभ्यास केला आहे त्याला या प्रश्नांचा राग येत नाही. राग आला, तर ते उत्तरही पुरेसे बोलके आहे.

यांपैकी प्रथम कोणाकडे जायचे? झोप कित्येक आठवडे उडाली आहे, भूक मेली आहे, आंघोळ करण्याचीही उभारी उरलेली नाही. किंवा कानांत आवाज येतात, सगळे आपल्याविरुद्ध कट करीत आहेत असे वाटते. अथवा रात्र-रात्र न झोपताही अंगात अफाट उत्साह संचारला आहे आणि बँकेतील पैसा पाण्यासारखा खर्च होत आहे, अशा स्थितीत आधी मनोविकारतज्ज्ञ गाठावा. ते सर्वप्रथम काही शारीरिक कारण नाही ना, याची खात्री करून घेतात. थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावणे किंवा 'ब-१२' जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही उदासी, थकवा आणि विस्मरण जडते. शाकाहारी घरांत ही दुसरी शक्यता अधिक लक्षात ठेवायला हवी. रक्ताच्या साध्या तपासणीतून जे उलगडले असते त्यासाठी वर्षभर बालपणाचे उत्खनन करीत बसण्यात अर्थ नाही.

याउलट प्रश्न वियोगाचा असेल, वैवाहिक ताणाचा असेल, परीक्षेच्या किंवा नोकरीतील दडपणाचा असेल, किंवा 'सगळे असूनही काहीतरी हरवले आहे' अशा न संपणाऱ्या अस्वस्थतेचा असेल, तर मानसशास्त्रज्ञ किंवा प्रशिक्षित समुपदेशकापासून सुरुवात करणे योग्य. मधला प्रदेशही मोठा आहे. मध्यम ते तीव्र नैराश्यात औषध आणि संवादोपचार या दोहोंची जोड अनेकदा एकट्या औषधापेक्षा अधिक गुणकारी ठरते. चांगल्या तज्ज्ञाची एक खूण अशी की, आपल्या कुंपणापलीकडचे काम त्याला ओळखू येते. गोळ्यांची गरज दिसताच मानसशास्त्रज्ञ डॉक्टरांकडे पाठवतो. केवळ गोळ्यांनी भागणार नाही हे कळताच डॉक्टर मानसशास्त्रज्ञाचे नाव सुचवतो. 'औषधांच्या नादी लागू नका' असे कोणालाही सरसकट सांगणारा समुपदेशक आणि 'बोलून काय होणार?' असे म्हणणारा डॉक्टर, या दोघांपासूनही चार हात दूर राहिलेले बरे.

जिवाचे बरेवाईट करून घेण्याचे विचार येत असतील तर मात्र निवडीचा घोळ घालत बसू नये. जवळच्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग किंवा केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली 'टेली-मानस' ही चोवीस तासांची मोफत सेवा (दूरध्वनी १४४१६) येथे तत्काळ संपर्क साधावा. तेथे मराठीतूनही बोलता येते. योग्य तज्ज्ञाचा शोध त्यानंतर घ्यावा.

आता उपचारपद्धतींविषयी. त्यांची नावे ऐकूनच सामान्य माणूस गांगरतो. बोधात्मक वर्तनोपचार आहे, फ्रॉइडच्या परंपरेतील मनोविश्लेषण आहे, कार्ल रॉजर्सचा व्यक्तिकेंद्री उपचार आहे. अल्बर्ट एलिस यांची १९५० च्या दशकातील विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती तर कि. मो. फडके यांच्यामुळे महाराष्ट्रात विशेष परिचित झाली. यांतील श्रेष्ठ कोणती, हा वाद जुना आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सॉल रोझेनत्स्वाइग यांनी १९३६ मध्येच असे मत मांडले होते की, निरनिराळ्या पद्धतींचा गुण साधारण सारखाच येतो, कारण त्या सर्वांत काही समान घटक काम करतात. त्यासाठी त्यांनी 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'मधील, शर्यतीत धावलेल्या सर्वांनाच विजेते ठरवणाऱ्या डोडो पक्ष्याचा दाखला दिला होता. तो पक्षी अजूनही मानसशास्त्राच्या चर्चांत अधूनमधून डोकावतो.

या मताला महत्त्वाचे अपवाद आहेत आणि ते रुग्णाने जाणून घ्यायला हवेत. हात पुन्हा पुन्हा धुणे, गॅस बंद केला की नाही हे वीस वेळा पाहणे अशा मंत्रचळाच्या विकारात, ज्या गोष्टीची भीती वाटते तिला टप्प्याटप्प्याने सामोरे जायचे आणि नेहमीची कृती मात्र करायची नाही, अशी एक विशिष्ट पद्धत आहे. व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या कामातून ती पुढे विकसित झाली. हा विकार असलेल्या व्यक्तीला केवळ 'मन मोकळे करा' असे सांगणारा, किंवा दर वेळी 'काही होणार नाही, हात स्वच्छ आहेत' असा दिलासा देणारा सल्लागार, सद्भावनेनेच का होईना, आजाराला खतपाणी घालत असतो. दिलासा हाही त्या विकाराचाच एक विधी होऊन बसतो. व्यसनाच्या बाबतीतही तेच. तेथे सर्वसाधारण समुपदेशकापेक्षा, १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या, त्याच कामासाठी उभ्या राहिलेल्या केंद्राचा अनुभव अधिक उपयोगी पडतो. लहान मुलाच्या अडचणींसाठी मुलांसोबत काम केलेली व्यक्तीच हवी. पती-पत्नीतील तेढीसाठीही दोघांना एकत्र बसवून काम करण्याचे वेगळे प्रशिक्षण लागते. म्हणूनच 'आपण नामांकित आहात का?' यापेक्षा 'माझ्यासारखा त्रास असलेल्या किती जणांसोबत आपण काम केले आहे आणि ते कसे करता?' हा प्रश्न अधिक कामाचा.

हे सगळे जुळले तरी एक गोष्ट उरते, आणि माझ्या मते तीच सर्वांत निर्णायक आहे. एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारातील नात्याची जी मांडणी केली, ती आजही अभ्यासकांना मार्गदर्शक वाटते. त्यांच्या मते हे नाते तीन धाग्यांनी विणलेले असते: कोठे पोहोचायचे याविषयी दोघांचे एकमत, त्यासाठी काय करायचे याविषयी एकमत, आणि परस्परांविषयीचा विश्वास. हे नाते जितके दृढ, तितका गुण येण्याची शक्यता अधिक, असे पुढे कितीतरी संशोधनांतून, पद्धत कोणतीही असो, दिसून आले आहे. लक्षात घेण्याजोगे म्हणजे या तिहींमध्ये गोड बोलणे कोठेच नाही. तज्ज्ञ आवडला पाहिजे असे नाही. तो आणि आपण एकाच कामाला लागलो आहोत, असे वाटले पाहिजे.

उदाहरणार्थ, सासरच्या घुसमटीने खचलेली एखादी स्त्री समुपदेशकाकडे जाते. तिला स्वतःची नोकरी पुन्हा सुरू करायची आहे. समोरच्याने मनाशी ठरवले आहे की हिने घरात जुळवून घ्यायला शिकावे. दोघे दहा सत्रे बोलतील, पण दोन वेगळ्या गावांच्या गाड्यांत बसून. याची दुसरी बाजूही अलीकडे दिसते. इंग्रजी पुस्तकांतून उचललेला 'स्वतःच्या मर्यादा आखा, नाते तोडा' असा सल्ला सरसकट दिला जातो. परंतु दोन खोल्यांच्या घरात आजारी सासऱ्यांसह राहणाऱ्या माणसाला मर्यादा आखायच्या तर त्या कोठे आखायच्या, याचा विचार त्यात नसतो. आपले घर, आपली जात-वर्गाची पार्श्वभूमी आणि आपल्या अडचणी यांची ज्याला किमान कल्पना आहे किंवा ती समजून घेण्याची ज्याला उत्सुकता आहे, असा माणूस हवा. तो आपल्याच समाजातला असला पाहिजे असे मात्र नाही. कित्येकांना उलट भीती वाटते की, आपल्या ओळखीपाळखीतल्या माणसाकडे गेलो तर गोष्ट लग्नाच्या पंगतीत पोहोचेल!

भाषेचा मुद्दा आपल्याकडे फारसा कोणी विचारात घेत नाही. शहरातील बऱ्याच तज्ज्ञांचे शिक्षण इंग्रजीतून झालेले असते, आणि मदत घेणाराही सवयीने इंग्रजीतच सुरुवात करतो. पण घालमेल, हुरहूर, मन उडणे, जीव टांगणीला लागणे यांतल्या प्रत्येक शब्दाची छटा निराळी आहे, आणि या सगळ्यांना 'स्ट्रेस' म्हटले की दुखण्याचा अर्धा तपशील गळून पडतो. ज्या भाषेत आपण भांडतो आणि रडतो, त्या भाषेत बोलता येईल असा तज्ज्ञ शक्यतो शोधावा. अर्थात याला उलट अनुभवही आहे. लैंगिक विषय किंवा बालपणातील अत्याचार यांविषयी कित्येकांना मातृभाषेत तोंड उघडवत नाही. परक्या भाषेचे अंतर तेथे आधार देते. दोन्ही भाषांत सहज ये-जा करू शकणारा तज्ज्ञ मिळाला तर सोन्याहून पिवळे.

गोपनीयतेबद्दल पहिल्याच भेटीत स्पष्ट बोलून घ्यावे. आपल्या कुटुंबव्यवस्थेत शुल्क वडील भरतात, वेळ आई ठरवते आणि सत्र संपताच दोघेही विचारतात, 'काय म्हणाला तो?' सज्ञान व्यक्तीने सांगितलेली गोष्ट तिच्या संमतीशिवाय घरच्यांना सांगता येत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये संमत होऊन मे २०१८ पासून लागू झाला, आणि त्याने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. त्याला अपवाद आहेत. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर, आणि बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्यानुसार, तज्ज्ञाला संबंधितांना कळवावे लागते. हे अपवाद जो आधीच समजावून सांगतो त्याच्यावर अधिक विश्वास ठेवावा. 'काहीही सांगा, माझ्या पोटातून बाहेर जाणार नाही' ही भाषा ऐकायला बरी, पण पुरी खरी नव्हे. ज्या घरात दीर्घ आजार आहे तेथील काळजीवाहकांची गरज निराळी असते. पुण्या-ठाण्यातील स्वमदत गटांत रुग्णाला 'शुभार्थी' आणि काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. या शुभंकरांनी रुग्णाच्या सत्राची चौकशी करण्याऐवजी स्वतःसाठी वेगळा वेळ मागून घेणे दोघांच्याही हिताचे.

काही गोष्टी दिसताच उठून यावे, तेथे दुसऱ्या भेटीची आवश्यकता नाही. ठरावीक दिवसांत पूर्ण बरे करण्याची हमी, पूर्वजन्मातील कारण शोधून देण्याचे आश्वासन, सत्रात स्वतःच्याच अडचणींचे पाढे वाचणे, उसनवारी किंवा व्यवसायाचे प्रस्ताव, ही त्यांपैकी काही. तज्ज्ञाने शारीरिक जवळीक साधणे कोणत्याही परिस्थितीत, कोणत्याही कारणाने समर्थनीय नसते. समलिंगी व्यक्तीला 'बदलून देतो' असे सांगणाराही याच यादीतला. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता हा आजार नसल्याचे २०१८ मध्ये जाहीर केले, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असे 'परिवर्तन' करू पाहणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. तरीही घाबरलेल्या आईबापांना गिऱ्हाईक करणारे अद्याप सापडतात.

एवढे ठळक काही नसेल तर निर्णयाची घाई करू नये. पहिल्या भेटीत बराच वेळ माहिती देण्यातच जातो, आणि परक्या माणसासमोर मन उघडे केल्यावर घरी येताना थोडे रिते, थोडे ओशाळल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. तीन-चार भेटी द्याव्यात. त्यानंतर स्वतःला विचारावे: आपल्याला काय झाले आहे याविषयी तज्ज्ञाची समजूत आपल्याला पटते का? पुढे काय करायचे, साधारण किती दिवस, हे त्याने सांगितले आहे का? मागच्या वेळचे त्याला आठवते का? आणि सर्वांत महत्त्वाचे, 'तुमचे हे म्हणणे मला पटले नाही' असे त्याला सांगता येईल का? सांगितल्यावर त्याचा चेहरा कसा होतो ते पाहावे. आपल्याकडे डॉक्टरांपुढे मान डोलावण्याची सवय इतकी मुरलेली आहे की कित्येकजण सत्रात होय-होय म्हणतात आणि पुढच्या आठवड्यापासून जाणेच बंद करतात. मतभेद बोलून दाखवला आणि त्यावर शांतपणे चर्चा झाली, तर पुष्कळदा उपचार तेथूनच खऱ्या अर्थाने सुरू होतो.

उपचारातील वेदना आणि न जुळलेल्या माणसाचा त्रास यांत फरक कसा करायचा, हा कठीण प्रश्न आहे. नकोशा आठवणी वर आल्या की काही दिवस अधिक वाईट वाटते. ते लक्षण तज्ज्ञ चुकीचा असल्याचे नव्हे. परंतु दर भेटीनंतर आपण मूर्ख आहोत, दोषी आहोत किंवा ऐकलेच गेलो नाही असे वाटत असेल, तर ते वेदनेच्या खात्यात टाकू नये.

खर्चाचा हिशेबही आधीच मांडावा. खासगी क्षेत्रात एका सत्राला काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत पैसे पडतात, आणि चिंता-नैराश्यासाठीच्या बोधात्मक वर्तनोपचाराला साधारण बारा ते वीस सत्रे लागू शकतात. चौथ्या सत्राला पैसे संपले म्हणून थांबण्यापेक्षा, परवडेल असा तज्ज्ञ शोधून काम तडीस नेणे शहाणपणाचे. मुंबईतील केईएम, नायर, शीव आणि जे. जे., तसेच पुण्यातील ससून या रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत. तेथे गर्दी असते, वेळ कमी मिळतो. पण निदान आणि औषधोपचार अल्प खर्चात होतात. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेली 'आयपीएच' ही संस्था आणि 'टिस'ची 'आयकॉल' ही दूरध्वनी सेवा हेही पर्याय आहेत. अनेक समुपदेशक उत्पन्न पाहून शुल्क कमी करतात. मात्र ते पाटीवर लिहिलेले नसते, विचारावे लागते. विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजाराप्रमाणेच धरावा लागतो. तरी रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या सत्रांचा खर्च पॉलिसीत बसतो का, हे आधी तपासलेले बरे.

तज्ज्ञ बदलायचा ठरला तर न सांगता गायब होण्यापेक्षा एक शेवटची भेट घ्यावी. 'मला दुसऱ्या पद्धतीने काम करून पाहायचे आहे' एवढे सांगणे पुरेसे आहे. त्यासाठी माफी मागण्याचे कारण नाही. औषधे चालू असतील तर ती मधेच स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, नवा डॉक्टर मिळेपर्यंत आधीचीच मात्रा चालू ठेवावी. निदान, झालेल्या चाचण्या आणि दिलेली औषधे यांची लेखी नोंद मागून घ्यावी. आपली वैद्यकीय कागदपत्रे मिळण्याचा हक्कही २०१७ च्या त्याच कायद्याने दिलेला आहे. ती जवळ असली म्हणजे नव्या तज्ज्ञापुढे सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागत नाही, आणि एकदा करून झालेल्या चाचण्यांचे पैसे दुसऱ्यांदा भरावे लागत नाहीत.